हिरव्या कोटातली मेंढी

“आधी खाऊ, मग घसरगुंडी!” ओटिस ओरडला. “रिकाम्या पोटी घसरलं की चक्कर येते.”

“तुझं पोट रिकामं असतं कधी?” पाचिया म्हणाली. “सकाळपासून काडीवरचे तळलेले दोन कॉर्न डॉग, चीजचे तळलेले गोळे, आणि ते लोण्याचे पुतळे बघताना तर तू चक्क ओठ चाटत होतास!”

“माझं पोट, माझी मर्जी!” दहा वर्षांच्या ओटिसने दालचिनी लावलेल्या गरम डोनटची पिशवी छातीशी धरली. त्या पिशवीतला कणसुद्धा तो कुणाला देत नसे. सख्ख्या बहिणीलाही नाही.

ती सख्खी बहीण, पाचियाची मैत्रीण मारेन, मात्र घड्याळाकडे बघत होती. साडेतीन वाजून गेले होते. ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सुट्टी संपत आलेली, राज्याची जत्रा ऐन भरात, आणि तिचं सगळं लक्ष मेंढ्यांच्या गोठ्यात अडकलेलं.

“पुरे झालं. मी पिकलकडे चालले,” ती म्हणाली.

पिकल म्हणजे मारेनची मेंढी. फेब्रुवारीच्या थंडीत ती जन्मली आणि तिच्या आईने तिला दूध पाजायचं नाकारलं, तेव्हा मारेनने तिला स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवून बाटलीने वाढवलं. महिन्याची असताना तिने व्हिनेगरातल्या काकड्यांच्या बरणीत डोकं घातलं ते अडकलंच! तेव्हापासून तिचं नाव पिकल, म्हणजे आंबट काकडी, आणि ती काकडी म्हणजे तिचा जीव की प्राण. उद्या सकाळी तिची स्पर्धा होती. म्हणून मारेनने तिच्यासाठी काडीला टोचलेली एक गलेलठ्ठ काकडी घेतली.

दुपारी तिला गोठ्यातून हलायचंच नव्हतं. पण गोठ्याचे प्रमुख मिस्टर गंडरसन यांनी तिघांना हाकललं होतं. “आम्ही फरशी धुतोय. तुम्ही इथे लुडबुड करू नका. जा, जत्रा बघा! तुझ्या मेंढीला काय पंख फुटणारेत?”

गोठ्यात मेंढ्या आपापल्या कप्प्यांत उभ्या होत्या. अंघोळ घातलेल्या, लोकर कातरलेल्या मेंढ्या स्वच्छ राहाव्यात म्हणून सगळ्यांच्या अंगात रंगीबेरंगी कोट. पिकलच्या कप्प्यात तिचा पांढऱ्या ठिपक्यांचा हिरवा कोट दिसला आणि मारेनला हायसं वाटलं.

“पिकल! बघ काय आणलंय!”

हिरव्या कोटातल्या मेंढीने काकडी हुंगली आणि तोंड फिरवलं.

“अगं, खा ना!”

मेंढी दोन पावलं मागे सरकली.

“विचित्रच आहे,” पाचिया म्हणाली. तेरा वर्षांच्या पाचियाच्या नजरेतून काही सुटत नसे. “मारेन, हा कोट कुणी घातला? तू पोटाखालचा पट्टा दोनदा गुंडाळतेस. हा नुसता लटकतोय.”

मारेनने मेंढीचा कान धरून बिल्ला वाचला. चौऱ्याण्णव.

पिकलचा बिल्ला होता एकसष्ट.

“ही पिकल नाही,” मारेन म्हणाली. “फरशी धुताना त्यांनी सगळ्या मेंढ्या एकत्र केल्या. कोट काढले. आणि मग अंदाजाने चढवले!”

“मग चौऱ्याण्णवची जागा कुठे होती?” ओटिसने विचारलं.

पाचियाने भिंतीवरची यादी शोधली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. विकलेल्या मेंढ्या. चार वाजता ट्रक. कत्तलखाना.

तिघंही धावत सुटली.

मिस्टर गंडरसन मागच्या दाराशी लिंबाचं सरबत पीत उभे होते. ट्रकचा मागचा दरवाजा लागलेला होता.

“मिस्टर गंडरसन, माझी मेंढी ट्रकमध्ये आहे! ट्रक थांबवा!”

“तुझी मेंढी हिरव्या कोटात आहे. मीच घातला.”

“चुकीच्या मेंढीला घातलात! बिल्ला बघा!”

“हे बघ, पोरी,” ते हसले. आणि त्या हसण्यानेच मारेनचं डोकं फिरलं. “मी तीस वर्षं मेंढ्या ओळखतोय. तू कितीची? बारा? दरवर्षी कुणीतरी असं रडत येतं. मन घट्ट करायला शिक.”

“मन नका बघू माझं, कान बघा तिचा! एक मिनिट लागेल!”

“ट्रक दहा मिनिटं आधीच निघतोय. काही असलंच तर उद्या सकाळी बघू.”

“उद्या सकाळी? उद्या सकाळी काय बघणार तुम्ही?” मारेन किंचाळली.

पण त्यांनी हात हलवला आणि ट्रक निघाला! मोठ्या माणसांचं हे असंच असतं. चूक त्यांची आणि शहाणपण शिकायचं पोरांनी! आई जत्रेच्या पार दुसऱ्या टोकाला, चर्चच्या भोजनगृहात वाढत होती. तिला गाठायला वीस मिनिटं लागली असती.

“ऐका!” पाचियाने कान टवकारले. लांबून ढोल वाजत होते. “रोजची मिरवणूक! ट्रकला मोठा रस्ता ओलांडावा लागणार. मिरवणूक संपेपर्यंत पोलीस कुणालाही सोडत नाहीत.”

“पण ती संपतच आली असेल!”

“मग आपण ती संपू द्यायची नाही!”

मारेनने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग ती गोठ्यात धावली आणि चौऱ्याण्णवला दोर लावून घेऊन आली. मेंढी मुकाट चालली. तिलाही कुणीतरी उन्हाळाभर चालायला शिकवलं होतं.

चौकात ट्रक खोळंबला होता. शेवटचं बँडपथक पुढे सरकलं, पोलीस बाईंनी ट्रकला खूण करायला हात उचलला, आणि तेवढ्यात बँडच्या मागोमाग अवतरला ओटिस! काडीवरची काकडी दांडक्यासारखी नाचवत, गुडघे छातीपर्यंत उचलत! त्याच्यामागे हिरव्या कोटातली मेंढी घेऊन मारेन, आणि शेवटी दोन्ही हातांनी लोकांना अभिवादन करणारी पाचिया.

लोकांनी टाळ्या पिटल्या. पोलीस बाईंनी हात खाली घेतला.

चौकाच्या मध्यावर, ट्रकच्या नेमकं समोर, मारेन थांबली. मेंढीही थांबली.

“चला, चला, पुढे चला!” पोलीस बाई ओरडल्या.

“ती दमलीये!” पाचिया म्हणाली.

“खूपच दमलीये!” ओटिस म्हणाला आणि आणखी जोरात नाचू लागला.

गर्दीतून वाट काढत, लालेलाल झालेले मिस्टर गंडरसन आले. “हा काय तमाशा आहे? रस्ता सोड आधी!”

“आधी बिल्ला वाचा,” मारेन म्हणाली. रागाने तिचा आवाज खणखणीत निघाला. “तुम्ही तीस वर्षं मेंढ्या ओळखता ना? मग या सगळ्यांसमोर वाचा! मोठ्याने!”

जत्रेच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या मिसेस डालबर्ग, मिरवणुकीतल्या उघड्या गाडीतून उतरून आल्या. “वाचा ना, गंडरसन,” त्या म्हणाल्या. “ती फार काही मागत नाहीये.”

मिस्टर गंडरसन वाकले. “चौऱ्याण्णव,” ते पुटपुटले. मग खिशातली यादी त्यांनी दोनदा पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा लाल रंग उतरला.

मारेन वाट बघत थांबलीच नाही. ओटिसच्या हातातली काकडी घेऊन तिने ट्रकच्या फटीशी धरली. “पिकल!”

आत बेंबें चाललं होतं. तेवढ्यात सगळ्यांना ढकलत एक काळं नाक फटीतून बाहेर आलं आणि काकडी कर्रकन तोडली गेली! फटीतून दिसणाऱ्या कानात बिल्ला होता एकसष्ट.

पिकल खाली उतरली तेव्हा लोकांनी आरोळ्या ठोकल्या. मारेन तिच्या मानेत तोंड खुपसून रडली.

“मी तुझी माफी मागतो,” मिस्टर गंडरसन टोपी काढून म्हणाले.

“शाबास, पोरांनो!” मिसेस डालबर्ग म्हणाल्या. “अशी धिटाई मी या जत्रेत पाहिली नव्हती. उद्या व्यासपीठावर तुमचा सत्कार करू.”

“सत्कार नको,” मारेन डोळे पुसत म्हणाली. राग अजून गेला नव्हता. “ट्रक भरताना प्रत्येकीचा बिल्ला बघा. दरवेळी. आणि पोरांनी काही सांगितलं की आधी बघा आणि मग हसा.”

“आजपासून तसंच होईल. गंडरसन, आत्ता सुरुवात करा.”

मिस्टर गंडरसन ट्रकमध्ये चढले आणि एकेक कान धरून आकडे मोठ्याने वाचू लागले. यादीतला एकच आकडा उरला.

हिरव्या कोटातली मेंढी अजून तिथेच उभी होती. मारेनचा चेहरा बदलला. विकलेली मेंढी ट्रकमध्येच जाते, शेतावरच्या मुलांना हे ठाऊक असतं. ही मेंढी विकली गेली होती, तिच्या मालकाने सकाळीच तिचा निरोप घेतला होता. पण सगळी मिरवणूक ती मारेनच्या शेजारून चालली होती.

“तिला मी चढवते,” मारेन म्हणाली. तिने हिरवा कोट हळूच काढला. उरलेला काकडीचा तुकडा पुढे केला. मेंढीने हुंगून पुन्हा तोंड फिरवलं.

तेव्हा ओटिस पुढे आला. त्याने पिशवीत हात घातला आणि शेवटचा डोनट तळहातावर ठेवून तिच्यापुढे धरला. मेंढीने तो सावकाश, पूर्ण खाल्ला आणि त्याचा हातही चाटला.

“हिला दालचिनी आवडते,” ओटिस म्हणाला. त्यानंतर घरी पोचेपर्यंत त्याने काही खाल्लं नाही.