येनाखालची आरोळी

दुधराम आता थकला होता. तसं वय फार नव्हतं, पण सालेकशाच्या जंगलात आरा ओढण्यात जन्म गेला, की गुडघे माणसाआधीच म्हातारे होतात. या मोसमाची तोड संपली, की आरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि अंगणात बाज टाकून पडायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. तोवर टोळीतल्या कुणाला काही होऊ नये. कैलाशला तर नाहीच. कैलाश त्याचा घरजावई, आणि खुशीला दिवस गेले होते.

तोडीआधी वनखात्याचे साहेब लोक येऊन सुरक्षेचे धडे देऊन गेले. पिवळी हेल्मेटं वाटली, शिट्ट्या वाटल्या. शिट्ट्या आठवडाभरात पोरांच्या गळ्यात गेल्या. हेल्मेटं मात्र दुधराम दटावून घालायला लावी. "लय गरमते, गा," असं कुणी कुरकुरलं, की तो म्हणे, "डोस्कं फुटलं का आपोआप थंड होते."

पण त्याचा खरा भरवसा आरोळीवर. झाड पडायला आलं, की कापणारा ओरडतो आणि मागच्या सुरक्षित बाजूला पांगलेला प्रत्येक जण आपली आरोळी देतो. नाव कुणी घेत नाही. जंगलात नावानं हाक मारू नये, जंगल ऐकतं, असं जुनी माणसं सांगून गेली. म्हणून ज्याची त्याची आरोळी वेगळी. कैलाशची उंच चढून शेवटी मोडणारी. संध्याकाळी गावाच्या शिवेवर तो तीच आरोळी देई आणि घरी खुशी चहाचं आधण ठेवी.

त्या दुपारी येनाचं एक थोराड झाड होतं. माघातली कचारगडची जत्रा नुकतीच होऊन गेली होती आणि पाचोळा इतका साचला होता, की खार धावली तरी ऐकू यावी. आरा खोडात जवळजवळ आरपार गेला. दुधरामनं फटीत पाचर बसवली आणि आरोळी दिली.

मागून टोळीतल्या पुनारामची आली. केवलरामची आली. मग कैलाशची आली, उंच चढून मोडणारी.

पण ती समोरून आली. जिथं झाड पडणार होतं तिथून.

खोड करकरलं. जावयाला नावानं हाक मारायची घरातही रीत नव्हती, पण त्याच्या तोंडून निघालंच, "कैलाश! हट तिथून! कैलाश!"

"मी इथंच आहो, मामा."

कैलाश पाठीमागे दोर धरून उभा होता. "अन् आरोळी तर मी अजून देलीच नाई."

खोड करकरून तसंच थांबलं होतं. पुनाराम आणि दुधराम झाडावर नजर ठेवून समोरची सगळी जागा फिरून आले. कुणी नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या पावलांखेरीज पाचोळा कुठंच विस्कटलेला नव्हता.

"तुमी नाव घेतलं, भाऊ," पुनाराम हळूच म्हणाला. "जंगलात."

"मंग का करू? पोराचा जीव जाऊ देऊ?" दुधराम खेकसला.

"आज राहू द्या," केवलराम म्हणाला. "उद्या पाहू."

राहू कसं द्यायचं? अर्धवट कापलेलं झाड उभं ठेवण्याइतकं पाप नाही. सकाळी याच वाटेनं बाया सरपणाला येत. रात्री वारा सुटला आणि झाड शेजारच्या झाडावर नुसतं टेकून राहिलं तर? दुधरामनं कैलाशला जवळ ओढलं, अगदी हाताशी उभं केलं. "जवाईबुवा, तुमी आता आरोळी देऊ नका. नुसते उभे राहा."

त्यानं पुन्हा आरोळी दिली. पुनारामची आली. केवलरामची आली.

आणि समोरून ती तिसरी.

दुधराम कैलाशच्या तोंडाकडेच पाहत होता. ओठ घट्ट मिटलेले होते. समोर कुणी नाही, आपण आत्ताच पाहून आलो, असं स्वतःला बजावत त्यानं पाचरीवर घण घातला.

झाड गेलं. जमीन हादरली. खालची आरोळी मोडण्याआधीच तुटली.

धूळ बसल्यावर त्यांनी फांद्या उचलून पाहिल्या. खाली पाचोळा होता, माती होती. दुधरामचा जीव भांड्यात पडला.

परतताना कैलाश काही बोलला नाही. भ्याला असेल, दुधरामला वाटलं. पाणी पुढं केलं तर पोरगा प्यायला. बिडी दिली तर ओढली. शिवेवर क्षणभर थांबला आणि मुकाट्यानं पुढं चालू लागला.

अंगणात येऊन तो बाजेवर बसला. खुशी दारात आली.

"आज आरोळी काऊन नाई देली? मी वाट पाहून राहिली होती."

कैलाश तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"बाबा, हे बोलून काऊन नाई राहिले?"

तेवढ्यात शिवेवरून आरोळी आली. उंच चढत गेली.

खुशी सवयीनं चुलीकडे वळली. भांडं उचललं. मग तिथंच थबकली.

"ओ देऊ नको, बाई," दुधराम कसाबसा म्हणाला, आणि त्यानं बाजेकडे पाहिलं.

कैलाशचं तोंड उघडं होतं. गळ्याची शीर ताणलेली होती. बाहेर आरोळी मोडली, तेव्हा त्यानं ते मिटलं.