आखूड कानांचा राजा

त्या शेवटच्या साध्या दुपारी बाबा कानाच्या यंत्राशी भांडत होते. खरं तर ते बसवायला आलेल्या तरुणाशी. मी दार उघडलं तेव्हा तो चष्म्यावरचे पावसाचे थेंब पुसत होता. चष्म्याशिवाय जरा हरवल्यासारखा दिसला.

बाबा इतिहासाचे मास्तर. सनावळ्यांपेक्षा त्यांना हजरजबाबी उत्तरं पाठ. भर दरबारात कोणी कोणाला काय सुनावलं, ते काल ऐकल्यासारखं सांगत. बेड्या घातलेल्या कवीला राजा म्हणाला, तुझी जीभ फार लांब आहे. कवी म्हणाला, महाराज, तुमचे कान आखूड पडतात. कुठला राजा, हे बाबांनी कधी सांगितलं नाही. तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा येई. मान तलवारीखाली असताना इतकं नेमकं सुचतं कसं? मला तर उत्तर दुसऱ्या दिवशी भांडी विसळताना सुचतं.

"जन्मभर वर्गातला मूर्खपणा ऐकला," बाबा म्हणाले. "आता तो स्पष्ट ऐकू?"

"नको झाला की यंत्र काढून ठेवा, मास्तर," तो मान वर न करता म्हणाला. "आम्हाला ती सोय नाही."

बाबा निरुत्तर! मी पहिल्यांदाच पाहिले... आणि इतके खूश. त्याने हसू दाबत माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी बाबा उठलेच नाहीत.

ठरल्याप्रमाणे यंत्राचा आवाज जुळवायला तो आला, तर घर माणसांनी भरलेलं. मी सांगितलं. तो आत आला आणि येणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडू लागला. हा कोण, असं शेजारच्या काकूंनी विचारलं, आणि मला सांगता येईना.

मग तो येत राहिला... यंत्राची पेटी परत न्यायला, आणि दर वेळी ती विसरून जायला. मी बाबांच्या गोष्टी सांगायची. पेटीची आठवण मात्र दोघंही काढत नसू.

काल त्याने ती उचलली. त्याची बदली झाली होती, दूरच्या शहरात.

"मग... येतो," तो दारात म्हणाला.

गप्प राहिले असते, तर तो गेलाच असता.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही यंत्र बसवून गेलात, त्या संध्याकाळी बाबांनी मला विचारलं होतं, मुलगा आवडला का. मी म्हटलं, काहीतरीच काय."

तो हलला नाही. "आणि...?"

"आवडलात. तेव्हाच आवडलात."