सारंगाच्या लेकीचा पट्टा

बसा रे पोरांनो, जरा सरकून बसा. चुलीतला निखारा विझू देऊ नका, बाहेर गारठा आहे. मला विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर ह्या गोष्टीचं नाव मी रात्री काढत नाही. घडली ती माझ्यावर नाही, इसोगाईवर घडली. तोच इसोगाई, आपल्या शिकाऊ जहाजाचा सारंग, खलाशांचा मुकादम. मी त्या जहाजावर शिडं शिवायचो आणि शेजारच्याच खोलीत झोपायचो, म्हणजे ऐकीव गोष्ट म्हणून मला उडवून लावू नका.

जहाज तुम्ही पाहिलंय. चार डोलकाठ्या, प्रत्येकीवर आडवे पोलादी वासे, वाशांना शिडं. ते नवं, दुसरं जहाज. पहिल्याचे हाल झाले बिचाऱ्याचे. महायुद्धात त्याची शिडं उतरवली, वासे काढले, कोळसा वाहायला जुंपलं. युद्ध संपल्यावर लांबलांबच्या बेटांवरची आपली माणसं घरी आणायला पाठवलं. त्यातली सगळी काही किनाऱ्याला लागली नाहीत. नवं जहाज बांधलं तेव्हा जुन्याचा एक वासा आठवण म्हणून पुढच्या डोलकाठीवर बसवला, वरून दुसऱ्या जागी. हौस एकेकाची, दुसरं काय.

इसोगाई माणूस फणसासारखा. बाहेरून काटे, आणि आतला गोडवा कुणाला दिसू द्यायचा नाही. त्याची लेक चिगुसा त्या वर्षी त्याच्याच जहाजावर शिकायला आली. जहाजावर तिनं त्याला 'सारंग' म्हणायचं, 'बाबा' नाही, असा त्याचा दंडक. पोरगी हुशार, नकाशात पक्की, पण उंचीला भ्यायची. शिडीवर जायची, वाशापाशी पोचायची आणि डोलकाठीला मिठी मारून उभी राहायची. बाकीची पोरं टोमणे मारायची, सारंगाची लेक आणि पाय लटपटतात म्हणून. इसोगाईला ते फार लागायचं. रोज संध्याकाळी तो स्वतः वाशाच्या टोकाला जाऊन उभा राहायचा आणि तिला म्हणायचा, "ये." महिनाभर त्या माणसाच्या तोंडात तिच्यासाठी दुसरा शब्द नव्हता.

आता हे 'ये' म्हणजे काय, ते नीट ऐका. वाशाखाली पाय ठेवायला तारेचा दोर लोंबतो. पायदोर. तुम्ही त्यावर पाय ठेवलात की दोर ताणतो आणि आधीच उभ्या असलेल्याच्या पायाखाली उसळतो. बेसावध माणूस जातो खाली. म्हणून पाय ठेवण्याआधी 'येतो' म्हणायचं आणि दोरावरच्यानं 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. कप्तानानंसुद्धा नाही. आणि दुसरं, टोकाचा माणूस आत येणार तो मधला उतरल्यावरच. वाट एकच असते.

तर ती रात्र. गेल्या वर्षीची, तेवीस नोव्हेंबरची. जहाज शिमिझूच्या धक्क्याला होतं. सकाळी होनोलुलूला निघायचं. निघताना सगळी पोरं अनवाणी वाशांवर चढतात, टोपी काढून धक्क्यावरच्यांना निरोपाची आरोळी देतात. चिगुसा चढली नाही तर तिला धक्क्यावरच उतरवणार, असं कप्तानानं स्पष्ट सांगितलं होतं. त्या रात्री बाप-लेकीनं जेवताना एकमेकांकडे पाहिलं नाही. रस्सा-भात तसाच राहिला.

जेवणं आटोपल्यावर कुणीतरी सांगत आलं की पुढच्या डोलकाठीवर गुंडाळलेलं शीड आवळणारा एक बांध सुटलाय, फडफडतोय. सकाळी बघू, असं मोठे अधिकारी म्हणाले. पण उद्या अख्खं गाव बघायला येणार आणि आपलं शीड लोंबतंय, हे इसोगाईला कसं सोसणार? कमरेला पट्टा बांधला, निघाला. मी म्हटलं, कुणाला तरी सोबत ने. तर म्हणाला, "तू तुझी सुई सांभाळ."

बांध त्याच जुन्या वाशाच्या टोकाला होता. वारा बेताचा. खाली बंदराचे दिवे, लांब कुणी ट्रक मागे घेत होतं त्याचा पिंपिं आवाज. इसोगाईनं पट्ट्याची आकडी वाशावरच्या सळईला अडकवली, बांध आवळायला घेतला. गाठ अर्धी झाली होती. तेवढ्यात मागून, डोलकाठीकडून हाक आली. हळू. पोरीच्या आवाजात.

"येते."

इसोगाईचं काळीज सुपाएवढं झालं. आली! रात्री, कुणी बघत नसताना, आपली आपण आली. त्यानं मान वळवली नाही, गाठ हातात होती. चाळीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं.

"ये."

पायदोर त्याच्या पायाखाली उसळला. ताणला. कुणीतरी चढलं होतं.

गाठ मारून तो हसत वळला.

वाशावर कुणी नव्हतं.

दोर मात्र मध्ये दबलेला होता. दोन पावलं मावतील एवढा.

"चिगुसा...?"

उत्तर आलं खालून. डेकवरून. "बाबा? तुम्ही आहात का वर?" डोलकाठीच्या पायथ्याशी ती उभी होती. बारीकशी. पट्टा बांधून, वर बघत. दंडक विसरून बाबा म्हणाली. "मी येतेय हं. आज नाही तर कधीच नाही."

हे सगळं मला इसोगाईनंच नंतर सांगितलं. त्याला परत यायची वाट नव्हती. मध्ये ते होतं. आणि त्याला दोरावर बोलावलं होतं खुद्द इसोगाईनंच.

पोरगी शिडी चढत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.

ओरडावं? काय म्हणून ओरडावं? 'नको' म्हटलं तर ती विचारत बसणार, का, काय झालं, आणि चढत राहणार. मग त्याला सुचलं. गप्प राहायचं. उत्तर नाही तर पाऊल नाही. महिनाभर त्यानंच तिच्या डोक्यात ते ठोकून बसवलं होतं. अंधारात बाप दिसणार नाही, उत्तर येणार नाही, पोरगी आल्या पावली उतरेल. उद्या धक्क्यावर राहिली तर राहू दे. जिवंत राहू दे.

चिगुसा वाशापाशी पोचली. तिनं डोलकाठीला मिठी मारली, नेहमीसारखी.

"येते, बाबा."

इसोगाईनं ओठ दाताखाली धरले.



"बाबा... येऊ?"

दोर जरासा हलला. दबलेली जागा तिच्याकडे सरकली. एक पाऊल. आणखी एक.

मग मधल्या अंधारातून आवाज आला. इसोगाईचा. त्याचाच. खरखरीत, जरा चिडका.

"ये."

"नको!" तो ओरडला. "चिगुसा, नको...!"

आकडी अडकल्याचा खट् आवाज आला.

दोर उसळला.

आणि लगेच... सैल पडला. एक वजन उतरलं. एकच. खाली काही पडल्याचा आवाज नाही. डेकवर नाही, पाण्यात नाही.

वाशावर चिगुसा उभी होती. सरळ. हात न धरता. चालत त्याच्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आले बघा." मग वळून खारीसारखी सरसर उतरून गेली. इसोगाई कसा उतरला, त्याला आठवत नाही. मी दार उघडलं तेव्हा तो दारात उभा होता आणि पोरगी जिवंत आहे, जिवंत आहे, एवढंच म्हणत होता. मी त्याला गरम पाणी पाजलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी चढली ती. टोकाला जाऊन उभी राहिली. तिची आरोळी धक्क्याच्या पार मागे ऐकू गेली. कप्तान खूश, पोरं गप्प. धक्क्यावर तिची आई, सानाएबाई, रुमाल हलवत रडत होत्या. इसोगाईही रडला. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

जहाज बंदराबाहेर पडलं. पोरं उतरली. तेव्हा इसोगाईला जुन्या वाशाच्या आतल्या बाजूला, डोलकाठीजवळ, काहीतरी लोंबताना दिसलं. मला म्हणाला, "तू जा. माझ्यानं होत नाही." मी गेलो.

पट्टा होता. आकडी सळईत अडकलेली, बक्कल लावलेलं. कमरेएवढं वेटोळं, आत कुणी नाही. ओला होता. आतल्या बाजूला लाल दोऱ्यानं नाव शिवलेलं. चिगुसा.

मी तो खाली आणला. इसोगाईनं बघितला आणि पोरीला हाक मारली. ती दोर गुंडाळत होती, पट्टा अजून कमरेलाच. "दाखव," तो म्हणाला. तिनं काढून उलटा करून दाखवला. लाल दोरा. तेच नाव, तोच शेवटचा वाकडा टाका.

"आईनं शिवलाय," ती हसून म्हणाली. "विसरलात का, सारंग?"

किनारा दिसत होता तोवर इसोगाईनं फोन केला. त्यानं बायकोला एवढंच विचारलं, पोरीचं नाव किती पट्ट्यांवर शिवलंस म्हणून. फोन कानापासून लांब धरला होता त्यानं, मलाही ऐकू आलं.

"किती म्हणजे?" सानाएबाई म्हणाल्या. "एकच तर होता."