व्हिसा लागत नाही, तरीपण

"आपल्याला व्हिसा लागत नाही," तो ठणकावून म्हणाला.

विमानतळाच्या काउंटरवर बसून हे वाक्य मी रोज ऐकते. "व्हिसा नाही लागत. पण निघण्याआधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती कुठे आहे?"

त्याचा चेहराच पडला. बाहेर काचेवर पाऊस आपटत होता आणि हा त्या पावसाकडे असा बघत होता, जणू चूक पावसाचीच. विमान गेलं, हा राहिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग – मी मनात म्हटलं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसले. का, ते विचारू नका. डोळे छान होते.

त्याचं काम पियानो सुरात लावायचं. परदेशात राहणाऱ्या त्याच्या म्हाताऱ्या सरांचा शेवटचा कार्यक्रम रविवारी होता आणि पियानो यानेच लावायचा, असा त्यांचा हट्ट. मानधनही ठरलेलं. मी कपाळावर हात मारला. ही परवानगी फिरायला, भेटायला जाणाऱ्यांसाठी असते. कामाला जायचं तर वेगळा व्हिसा, आणि तो रविवारपर्यंत मिळणं शक्यच नव्हतं.

"मग मी फिरायला जातोय असं सांगतो. दोन तासांचं तर काम… कोणाला कळतंय?"

"पकडले गेलात तर ही सवलत पुन्हा मिळणार नाही. आणि नाही पकडले गेलात, तर काळ सोकावतो."

तो चिडला, मला नियमबाई म्हणाला. मीही काही कमी नाही. म्हटलं, सरांना ऐकायला जा, नुसतं ऐकायला. पियानोला हात लावायचा नाही, शब्द द्या. शेवटी तो सरांना फोन लावून, येतोय पण काम करणार नाही, असं सांगून मोकळा झाला. मला फार वाईट वाटलं, पण मी हटले नाही.

दुसऱ्या दिवशी परवानगी आली. निघताना त्याने अवजारांची पिशवी माझ्यासमोर ठेवली. "जवळ असली तर राहवणार नाही." बोटांना बोटं लागली – गोंधळात बोर्डिंग पास चुकला, मला तो पुन्हा छापावा लागला. प्रवाशाचं सामान ठेवून घेणं आमच्या नियमात बसत नाही. मी ती पिशवी घरी नेली.

रविवार मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. त्याने शब्द मोडला असेल का? आणि पाळला असेल, तर मला कधी माफ करेल का?

ठरल्यापेक्षा आधीच परत येऊन तो काउंटरसमोर उभा राहिला.

"वरचा एक सूर उतरलेला होता. अख्खा कार्यक्रम हात खिशात घालून ऐकला. नंतर सरांनी विचारलं, एवढा शहाणा कधीपासून झालास? मी तुमच्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, मग इथे काय करतोयस?"

मागे रांग खोळंबली होती. खोळंबू दे.

"तुम्ही मला आवडता," मी म्हटलं. "पण चार दिवसांचा पाहुणा मला नको."

"कायमचं राहायचं तर काय लागतं?"

"आधी आईला भेटावं लागतं. ती माझ्याहून कडक आहे."

"कधी येऊ?" त्याने विचारलं.