पूर्ण कळलं नाही, अव्वा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे घडलंय. दावणगेरेत, आमच्या शेजारच्या महांतेशच्या घरी, श्रावणातल्या रविवारी, भर दुपारी तीनच्या सुमारास.

महांतेशच्या आईला, गौरव्वांना (आम्ही सगळे त्यांना अव्वाच म्हणायचो), अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं निम्मं गेलं. अर्धा शब्द बाहेर यायचा, उरलेला तोंडातच राहायचा. म्हणून त्यानं ते बोलणारं यंत्र आणून खाटेजवळच्या कोनाड्यात ठेवलं.

दुकानदार म्हणाला होता, "अर्धंच ऐकू आलं ना, तरी हे बाकीचं अंदाजानं भरून घेतं."

आणि घ्यायचं हो! अव्वा काही पुटपुटल्या की ते विचारायचं, "पूर्ण कळलं नाही, अव्वा. पंखा लावू?" अव्वा हुंकार द्यायच्या. घरातल्या तिघांचे आवाज ते ओळखायचं, नावानं बोलायचं, सांगितलं की फोनही लावायचं.

सून विद्याश्री धुसफुसायची. "माझ्याकडे बघून तोंड फिरवतात, आणि त्या डबड्याशी दिवसभर गप्पा!"

जुलैत अव्वा गेल्या. महांतेश तेव्हा कामासाठी बळ्ळारीला होता. विद्याश्री म्हणाली, "मी शिंप्याकडे गेले होते. परत आले तर झोपेतच..."

त्यानं यंत्राची वायर काढली. यंत्र मात्र कोनाड्यातून हलवायला हात धजेना.

त्या रविवारी तो खाटेशेजारी मंडक्की, म्हणजे आपले चुरमुरे, खात बसला होता. विद्याश्री आत चहा टाकत होती.

"पूर्ण कळलं नाही, अव्वा."

घास हातातच राहिला.

वायर खाली लोंबत होती... कशालाच न जोडलेली.

"पाणी हवंय?"

शांतता...

"डॉक्टर?"

शांतता...

"महांतेशला फोन लावू?"

रिकामी खाट करकरली. एकदाच.

"बरं, अव्वा. लावते."

महांतेशला आठवलं. अव्वा गेल्या त्या दुपारी त्याला घरून एक मिस्ड कॉल आला होता. एकच रिंग. चुकून लागला असेल म्हणून त्यानं सोडून दिलं होतं.

मग यंत्र पुन्हा बोललं...

"ठीक आहे, विद्याश्री. फोन बंद केला."

दारात विद्याश्री उभी होती, चहा घेऊन. केव्हापासून, देव जाणे.

"तू घरीच होतीस?" त्यानं विचारलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? ते अर्धं ऐकतं आणि मनाचं जोडतं. तुम्हीच सांगत फिरायचात ना गावभर!"

तेही खोटं नव्हतं.

"मग तो फोन कुणी तोडला?"

तिनं कपबशी उंबऱ्यावरच ठेवली.

"अहो, मी फक्त..."



कोनाड्यात निळा दिवा लागला...

"पूर्ण कळलं नाही, विद्याश्री. पुन्हा सांग."

त्याच संध्याकाळी महांतेशनं हरिहरला जाऊन ते यंत्र तुंगभद्रेत फेकलं. दोघं अजून त्याच घरात राहतात. ती वाढते, तो जेवतो.

खरं काय, मला विचारू नका. अंदाजानं बोलणाऱ्या डबड्याच्या शब्दावर एका बाईला गुन्हेगार कसं ठरवायचं? मला तरी ते जमत नाही.

पण रोज दुपारी तीन वाजले की महांतेश तिच्या तोंडाकडे बघत बसतो. तिनं ते वाक्य अजून पूर्ण केलेलं नाही.