पणजोबांनी कुणाला लोळवलं?

"वाटाण्या, खुर्ची नीट धर! मी पडले तर तुझ्यावरच पडेन!"

"मग लवकर उतर ना ताई! हात भरून आले माझे!"

फटाकी टेबलावरच्या खुर्चीवर चढून भिंतीवरचा पणजोबांचा फोटो काढत होती. सुट्टीतला उद्योग नव्हता हा. आजोबा रुसले होते!

पणजोबा म्हणजे आजोबांचे वडील. महायुद्धात फौजेत होते. तिथलं ते एकच वाक्य सांगायचे, "रोज संध्याकाळी वीसेक तरी लोळवायचो!" झालं! काकांनी त्यावरून हे भलंमोठं चित्र काढून घेतलं. पणजोबांच्या हातात तलवार, पायाशी शत्रूंचा ढीग. आज संध्याकाळी वाचनालयात त्याचं अनावरण.

आणि आजोबा म्हणाले, "मी नाही येणार. माझे बाबा झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचे. त्यांनी एवढी माणसं मारली? मला नाही बघवणार."

खरं काय ते फोटोत दिसतंय का, हे बघायला फटाकीने फोटो खाली आणला. "पण टोपीवर हे दोन तुरे कसले?"

"शौर्याचे!" काकांचा मुलगा पोपट म्हणाला. "बाबाच म्हणाले."

"शौर्याला केस असतात का रे? केसाळ आहेत बघ!"

तिने चौकट उघडली. फोटो मागे दुमडलेला होता! उलगडला, तर पणजोबांच्या मागे खेचरांची रांग. तुरे कसले, कान होते ते! बाजूला उतरवलेल्या ओझ्यांचा ढीग. पुढ्यात एक खेचर धुळीत उताणं, चारी पाय वर. त्याची दोरी धरून पणजोबा खदाखदा हसतायत.

"अगं, ओझं उतरलं की गाढव नाही का असंच लोळत!" वाटाणा ओरडला.

"म्हणजे पणजोबांनी खेचरं लोळवली! माणसं नाही!"

तिघं धावत काकांकडे. काका आरशासमोर भाषण घोकत होते. "काका, त्या चित्रात..."

"मला वेळ नाही! काय ते पेंटरला सांगा!"

फटाकीचे डोळे चमकले. "ऐकलंत ना? पेंटरला सांगा म्हणाले!"

फोटो बघून पेंटरने कपाळाला हात लावला. "आता माणसांची खेचरं करू?" मग चित्राकडे बघून हळूच म्हणाला, "तशी माणसं मला जमलीच नव्हती. दोघं तर आत्ताच खेचरासारखी दिसतायत."

इकडे आजोबांनी फोटो पाहिला. चष्मा पुसला. परत पाहिला. "माझी काठी कुठाय?" एवढंच म्हणाले.

संध्याकाळी काका गरजले, "...आणि त्यांनी एकेकाला लोळवलं!" पडदा सरकला. चित्रात चारी पाय वर केलेलं खेचर!

सभागृहात हशा पिकला.

"हे काय? शत्रू कुठे गेले?"

"काका, लोळवलं ते यांनाच! आणि पेंटरला सांगा असं तुम्हीच म्हणालात!"

काका लालबुंद झाले. तेवढ्यात आजोबा काठी टेकत मंचावर चढले.

"शाबास रे पोरांनो! चित्रातला तो तलवारवाला मला ओळखू येत नव्हता. हे मात्र माझेच बाबा!" त्यांना हसूही येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते. "लहानपणी ते मला पाठीवर घेऊन घरभर फिरायचे. पण 'चल रे घोड्या' म्हटलं की जागचे हलायचे नाहीत! मान वळवून मला दटावायचे, 'घोडा कुणाला म्हणतोस? खेचर म्हण, खेचर!'"

यावर सगळ्यात मोठ्याने हसले ते काका.