तालमीतला नवरदेव

नवरदेव दूरच्या विमानतळावर अडकला होता, आणि पास्टर गिल्बर्ट यांना तालीम लांबवायची नव्हती.

आमच्या केंटकीत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विधीची तालीम होते. नवरीनं मात्र तीत स्वतःच्या जागी उभं राहणं अशुभ मानतात. तिच्या जागी उभी राहते ती मी, कॉरा हेन्सली. स्टेट पार्कच्या तळ्याकाठी जो लग्नमंडप आहे, त्याची व्यवस्था माझ्याकडे. परक्यांच्या सुखाची सावली होऊन त्या वाटेवरून मी कितीदा चालले असेन... समोर कुणीच नसलेलं मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

पास्टरांनी धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या एका तरुणाला हाक मारली. तो आला — गुडघ्यापर्यंत ओला, बुटांना चिखल.

"हातात हात द्या," पास्टर म्हणाले.

"मासळीचा वास येईल," तो माझ्याकडे झुकून पुटपुटला.

"येतोच आहे."

"मग नकार द्या की. अजून वेळ गेलेली नाही."

मी हसू दाबलं आणि हात दिला. शपथेपाशी येऊन पास्टर थांबले. ते शब्द तालमीत उच्चारायचे नसतात. त्या मोकळ्या सोडलेल्या जागेत काठाला लागणारं पाणी तेवढं ऐकू येत होतं. तो माझ्याकडे पाहत होता — आणि त्या पाहण्यात तालीम नव्हती.

त्याचं नाव रीस. पाहुण्यांना बोटीतून बास मासे धरायला नेणं हा त्याचा व्यवसाय. त्यानंतर दर शुक्रवारी त्याची बोट मंडपासमोरच्या उथळ पाण्यात दिसू लागली. व्हायोलिनच्या सुरांनी तिथले मासे केव्हाच पळालेले असत. गळाला काय लागलं, असं मी खवचटपणे विचारी. इथल्या माशांना संगीताची जाण आहे, ते ऐकत बसतात, असं तो गंभीरपणे सांगे. मग तालीम सुरू होई. नवरदेवाला उशीर व्हावा, अशी पापी इच्छा मनात धरून मी वाटेवर नजर लावी... पण त्या उन्हाळ्यात सगळेच नवरदेव कमालीचे वक्तशीर निघाले.

शरदात मेपलची पानं लाल झाली तेव्हा त्यानं सांगितलं. उत्तरेला, सुपीरियर सरोवरावर त्याच्या वडिलांची बोट होती. त्यांची दृष्टी अधू होत चालली होती. आता सुकाणू त्यालाच धरावं लागणार होतं. शनिवारी सकाळी निघणार होता. मी त्यावर काय बोलावं? मंडपाचे दोर सैल पडल्याचं काहीतरी बोलले आणि वळले.

शनिवारी धुकं पाण्यावरून उठायच्या आत मी बोटी पाण्यात सोडायच्या उतारावर पोहोचले. तो ट्रकमागे बोट बांधत होता.

"थांब म्हणायला आले नाही," मी म्हणाले. "तुझे वडील वाट पाहताहेत."

"मग?"

"तू मला आवडतोस, रीस. ऐकून तुझा पाय जड व्हावा, एवढ्यासाठीच सांगतेय."

त्याच्या हातातला पट्टा तसाच राहिला. "दुष्ट आहेस," तो म्हणाला. "उन्हाळाभर रिकामा गळ टाकून बसलो, तेव्हा नाही सुचलं?"

"तुलाही कुठे सुचलं?"

"सुचत होतं. तू प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाची तरी नवरी असायचीस."

मी खाली पाहिलं. मग त्यानं माझ्या केसांतला दवाचा थेंब बोटानं टिपला.

"तिकडे हिवाळ्यात बंदर गोठतं. बोट बंद असते. तेव्हा येईन मी..."

"नको," मी म्हणाले. "हिवाळ्यात इथे लग्नं नसतात. मीच येते."

तो ट्रकमध्ये बसला. वळणावर मागचे दिवे एकदा उजळले, पुन्हा मंदावले, आणि झाडांनी त्याला आपल्यात घेतलं. वर मंडपात वादक सूर जुळवू लागले होते. कुणीतरी माझ्या नावानं हाका मारत होतं. ऊन हळूहळू पाण्यावर उतरलं — ऊबदार, सोनेरी, निर्दय — आणि हिवाळा अजून कितीतरी दूर होता.